५९ की ५८: एका वैद्यकीय लेखाच्या ऑनलाइन रिव्ह्यूचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझं स्वतःचं आहे. मी गोव्यात, फोंड्याच्या बाजूला, फिजिशियन म्हणून काम करते आणि थोडंफार शिकवतेही. एका वैद्यकीय नियतकालिकासाठी मी केलेल्या पिअर रिव्ह्यूची, म्हणजे छापण्याआधी त्याच क्षेत्रातल्या दुसऱ्या माणसानं लेख तपासण्याची, ही हकीकत. तेव्हा माझ्या नावावर जेमतेम चार-पाच रिव्ह्यू होते. रिव्ह्यू कसा करायचा हे मला कुणी शिकवलं नव्हतं. एम.डी.च्या तीन वर्षांत थीसिस लिहायला शिकवतात, दुसऱ्याचा लेख तपासायला शिकवत नाहीत. एक दिवस ईमेल येतो आणि आपण रिव्ह्यूअर होतो.

रिव्ह्यूला आलेला लेख ही दुसऱ्याची, अजून न छापलेली मेहनत असते. तो छापून आल्यावरसुद्धा रिव्ह्यूतला पत्रव्यवहार गुप्तच ठेवायचा असतो. म्हणून हे लिहिण्याआधी मी संपादकांची लेखी परवानगी घेतली आणि ओळख पटेल अशा सगळ्या खुणा बदलल्या: रुग्णांची संख्या, चाचणीचा तपशील, महिने, माणसं. आकडे बदलताना त्यांचं आपसातलं गणित मात्र जसंच्या तसं ठेवलं, कारण या प्रकरणाचा सगळा जीव त्या गणितात आहे.

निमंत्रण स्वीकारावं का

निमंत्रण आलं ते श्रावणात. वॉर्डात तापाचे रुग्ण भरलेले, खाटा कमी. मेलमध्ये शीर्षक, सारांश आणि दोन लिंक होत्या: एक होकाराची, एक नकाराची. मुदत २१ दिवस. विषय लेप्टोस्पायरोसिसची (दूषित पाण्यातून होणारा ताप) रॅपिड चाचणी, म्हणजे रक्ताच्या थेंबावर पंधरा-वीस मिनिटांत आयजीएम प्रतिपिंडं (संसर्गानंतर शरीरात आधी तयार होणारी) दाखवणारी पट्टी.

विषय माझ्या रोजच्या कामाचा होता. गोव्यात पाऊस लागला की लेप्टोचे रुग्ण येतातच. शेतात अनवाणी राबणारे, कुळागरात पाणी सोडणारे, तुंबलेल्या गटारांत उतरणारे. त्यामुळे फार विचार न करता मी होकाराची लिंक दाबली. दोन गोष्टी पाहायला हव्या होत्या, त्या पाहिल्या नाहीत. मुदतीचा शेवटचा आठवडा चवथीत, म्हणजे गणेशचतुर्थीत, येत होता, ही एक. गोव्यात चवथ म्हणजे काय हे गोंयकाराला सांगायला नको. माटोळीचं (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) सामान जमवण्यापासून विसर्जनापर्यंत घर आपलं उरत नाही. दुसरी गोष्ट अशी, की पूर्ण लेख होकार दिल्यावरच उघडतो. लेख उघडला आणि तिसऱ्याच पानावर थबकले.

रिव्ह्यू दोन्ही बाजूंनी नावं झाकलेला, डबल ब्लाइंड होता. लेखकांची नावं नव्हती, रुग्णालयाचं नाव काढून तिथे चौकट ठेवलेली. स्थळाचं वर्णन ‘पश्चिम किनाऱ्यावरचं एक छोटं राज्य’ एवढंच. पण रुग्णांच्या व्यवसायाच्या तक्त्यात शेतकरी, मच्छीमार, बांधकाम मजूर यांच्या खाली एक ओळ होती: कुळागर कामगार. नारळ-सुपारीच्या बागेला कुळागर आम्हीच म्हणतो. त्या एका शब्दानं सगळी झाकपाक उघडी पडली. गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. एवढ्याशा राज्यात लेप्टोवर काम करणारे किती असणार? त्यातल्या निम्म्यांशी माझी तोंडओळख तरी असणार.

हा पहिला खरा निर्णयाचा क्षण. गप्प राहून रिव्ह्यू करायचा, नकार देऊन मोकळं व्हायचं, की संपादकांना सांगायचं? मी सांगितलं. चार ओळींचा मेल: लेखक गोव्यातले असावेत असा अंदाज आहे, नेमके कोण ते ठाऊक नाही, शोधायचा प्रयत्नही करणार नाही; याच विषयावर माझा एक छोटा लेख पूर्वी छापून आला आहे; चालणार असेल तर पुढे जाते. संपादकांनी दोन प्रश्न विचारले. गेल्या तीन वर्षांत गोव्यातल्या कुणाबरोबर एकत्र लेख लिहिला आहे का? लेखक तुमच्याच संस्थेतले असण्याची शक्यता आहे का? दोन्हींना उत्तर नाही असं होतं. त्यांनी पुढे जा म्हटलं. हितसंबंध असणं हा गुन्हा नाही, तो लपवणं हा गुन्हा आहे. त्या मेलमुळे पुढे सगळं सोपं झालं.

पहिलं वाचन

पहिल्यांदा लेख पेन हातात न घेता वाचायचा, ही सवय मला एका वडीलधाऱ्या सरांनी लावली. वाचून झाल्यावर लेख मिटायचा आणि आपल्या शब्दांत तीन ओळी लिहायच्या: प्रश्न काय होता, काय केलं, काय मिळालं. त्या तीन ओळी जमल्या नाहीत तर एकतर लेखात गोंधळ आहे किंवा आपण लक्ष देऊन वाचलेलं नाही.

माझ्या तीन ओळी अशा होत्या. तापाच्या रुग्णाला लेप्टो आहे की नाही हे रॅपिड चाचणी ओळखते का, हा प्रश्न. त्यासाठी एमएटी या प्रमाण चाचणीनं लेप्टो सिद्ध झालेले ५९ रुग्ण आणि ६० निरोगी रक्तदाते घेतले. रुग्णांपैकी ५६ जणांत चाचणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे सेन्सिटिव्हिटी (खऱ्या रुग्णांना पकडण्याचं प्रमाण) ९४.९ टक्के, रक्तदात्यांपैकी ५९ निगेटिव्ह, म्हणजे स्पेसिफिसिटी (आजार नसलेल्यांना निगेटिव्ह दाखवण्याचं प्रमाण) ९८.३ टक्के. निष्कर्ष: ही चाचणी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवावी.

लिहिता लिहिताच जाणवलं की लेखाचा मोठा दोष या तीन ओळींतच उघड आहे. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरसमोर निरोगी रक्तदाता येत नाही. त्याच्यासमोर येतो तो ताप आलेला माणूस. तो डेंग्यूचा असेल, मलेरियाचा असेल, स्क्रब टायफस असेल, सत्तरी तालुक्यातला असेल तर माकडतापसुद्धा असेल. चाचणीला फरक करायचा आहे तो या तापांमध्ये. धडधाकट माणसाशी तुलना केली की स्पेसिफिसिटी छान दिसते, पण ती दवाखान्यात उपयोगी पडत नाही.

दुसरा दोष दिवसांचा. आयजीएम प्रतिपिंडं साधारण आजाराच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस नीट दिसू लागतात. लेखातले रुग्ण जिल्हा पातळीवर दाखल झालेले, सरासरी आठव्या दिवशी. आरोग्य केंद्रात माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो. तेव्हा ही पट्टी निगेटिव्ह आली आणि डॉक्टरनं लेप्टो नाही म्हणून पेशंट घरी पाठवला, तर पाच दिवसांनी तो कावीळ आणि बंद झालेली लघवी घेऊन परत येईल. असे रुग्ण मी पाहिले आहेत. म्हणून हा लेख माझ्यासाठी कागदावरचा नव्हता. त्यातला शेवटचा परिच्छेद कुणीतरी खरा मानेल याची मला धास्ती होती.

निदान चाचण्यांच्या अभ्यासासाठी स्टार्ड नावाची तपासयादी आहे. तिची २०१५ ची आवृत्ती ३० कलमांची. रिव्ह्यू करताना ती शेजारी उघडी ठेवली की काय सुटलं ते चटकन दिसतं. कोणत्या दिवशी रक्त घेतलं, चाचणी वाचणाऱ्याला एमएटीचा निकाल ठाऊक होता का, नमुने किती वाया गेले, यातलं बरंच लेखात नव्हतं. एमएटी एकाच नमुन्यावर केली की काही दिवसांच्या अंतरानं घेतलेल्या दोन नमुन्यांत प्रतिपिंडांची चौपट वाढ पाहिली, हेही नव्हतं.

इथपर्यंत रिव्ह्यू सरळ होता. दोष मोठे होते, पण प्रामाणिक माणसाकडून होणारे होते.

अडचण: कुठूनच न येणारे तीन आकडे

दुसरं वाचन आकड्यांचं. मी तक्त्यातला प्रत्येक टक्का कॅल्क्युलेटरवर करून पाहते. वेळखाऊ काम आहे, पण त्याला दुसरा उपाय नाही.

लक्षणांच्या तक्त्यावर, म्हणजे तक्ता २ वर, ठळक अक्षरांत लिहिलं होतं: एकूण रुग्ण ५९. खाली फक्त टक्के, रुग्णांची संख्या नाही. लघवी कमी होणं २०.३ टक्के. बारा भागिले ५९, बरोबर. पुढची ओळ, डोळ्यांची लाली ३१.० टक्के. अठरा भागिले ५९ केलं तर ३०.५ येतात, एकोणीस घेतले तर ३२.२. मध्ये काही नाही. माणूस अर्धा नसतो. ५९ रुग्णांत ३१.० टक्के येऊच शकत नाहीत.

पोटऱ्यांचं दुखणं ६२.१ टक्के. छत्तीस घेतले तर ६१.०, सदतीस घेतले तर ६२.७. पुन्हा नाही. कावीळ ४४.८ टक्के. सव्वीस घेतले तर ४४.१, सत्तावीस घेतले तर ४५.८. तेही नाही.

रात्रीचे साडेदहा झाले होते. बाहेर धो धो पाऊस. माझ्या डोक्यात एकच शब्द आला: बनावट. आकडे मोजून न काढता कुणीतरी मनानं भरले आहेत. एकदा तो शब्द डोक्यात आला की सगळा लेख त्याच चष्म्यातून दिसू लागतो. सेन्सिटिव्हिटी जरा जास्तच चांगली वाटायला लागली. रक्तदाते बरोबर साठच कसे, असं वाटायला लागलं. मी नियतकालिकाच्या पोर्टलवर गेले आणि ‘फक्त संपादकांसाठी’ असलेल्या चौकटीत थेट टाइप करायला लागले: या लेखातली माहिती रचलेली असण्याची दाट शक्यता आहे.

तेवढ्यात वीज गेली. राऊटर इन्व्हर्टरवर नव्हता. पोर्टल बंद पडलं आणि तासाभराचं सगळं लिखाण गेलं. तेव्हा चडफडले. आज वाटतं, वीज राहिली असती तर मी त्या रात्री बटण दाबलं असतं.

समोरचे पर्याय

अंधारात बसून मी पर्याय मोजत होते.

पहिला पर्याय, संशय लेखकांच्या टिप्पणीत उघड लिहायचा. तो मी लगेच सोडला. हाती तीन न जुळणारे आकडे आहेत, पुरावा नाही. आणि खरोखर कुणी आकडे रचले असतील तर त्याला सावध करून सारवासारवीला वेळ देण्यासारखं होईल.

दुसरा पर्याय, फक्त संपादकांना कळवायचं आणि लेख नाकारा म्हणायचं. जवळजवळ तेच करत होते. त्यात अडचण अशी की लेखकांना त्यांच्यावर काय आरोप आहे तेच कधी कळलं नसतं. लेख नाकारला जातो, कारण मोघम असतं आणि माणसाच्या नावापुढे कुणाच्या तरी मनात काळी खूण राहते.

तिसरा पर्याय मला सगळ्यांत जास्त खुणावत होता. फोन. गोव्यात कुठलंही काम एका फोनवर होतं. ‘काय हो, तुमच्याकडे कुणी लेप्टोच्या किटवर काम करतंय का?’ एवढं विचारलं असतं तर दोन मिनिटांत नाव कळलं असतं आणि पुढच्या दोन मिनिटांत ती माणसं कशी आहेत हेही. पण तो फोन म्हणजे सरळ गोपनीयतेचा भंग, शिवाय चौकशी करणं हे रिव्ह्यूअरचं काम नव्हे. कोप या प्रकाशन-नीतीच्या समितीची मार्गदर्शक तत्त्वं या बाबतीत स्पष्ट आहेत: संशय आला तर संपादकांना सांगा, स्वतः तपास करत फिरू नका. मी फोन केला नाही. संपादकांना आधीच लिहिलेलं ‘शोधायचा प्रयत्नही करणार नाही’ हे वाक्य त्या रात्री माझ्या कामी आलं.

चौथा पर्याय, जे दिसलं तेवढंच सांगायचं. तीन आकडे, त्यांची बेरीज-वजाबाकी आणि एक प्रश्न. हा पर्याय मला त्या रात्री सुचलाच नाही. तो दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या कुणीतरी हातात दिला.

माझी चूक, आणि ५८

फोन केला नाही, पण त्याच रात्री दुसरी चूक केली. माझी एक ज्युनिअर होती, डिचोलीकडची, अभ्यासू मुलगी. रिव्ह्यू कसा करतात ते बघायचंय, असं ती महिनाभर म्हणत होती. मोबाइलच्या नेटवर मी तिला लेखाची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली आणि खाली लिहिलं: तक्ता २ डोळ्याखालून घाल, काही खटकतंय का सांग. संपादकांना विचारलं नव्हतं. विचारायला हवं हे ठाऊक होतं. अकरा वाजता कुठे विचारत बसू, असं स्वतःला सांगितलं.

सकाळी राउंडच्या आधी ती नर्सिंग स्टेशनपाशी उभी होती. हातात प्रिस्क्रिप्शन पॅडचा पाठकोरा कागद, त्यावर भागाकारांची रांग.

“मॅडम, हे तिन्ही ५९ नं येत नाहीत.”

“ते मला कळलं गं. म्हणून तर तुला पाठवलं.”

“पण ५८ नं येतात.”

मी कागद घेतला. अठरा भागिले ५८, ३१.०. छत्तीस भागिले ५८, ६२.१. सव्वीस भागिले ५८, ४४.८. तिन्ही चोख.

“एका पेशंटचं एक्झामिनेशन लिहिलेलं नसेल, मॅडम,” ती म्हणाली. “आपल्या केसपेपरांत नाही का होत? डोळे, पोटऱ्या, कावीळ, सगळं तपासणीच्या पानावर असतं. लघवीचा चार्ट वेगळा. एक पान हरवलं की तीन गोष्टी जातात, लघवी राहते.”

तिनं रात्री जे केलं ते मी करायला हवं होतं. मी आकडे चुकीचे आहेत हे सिद्ध करून थांबले. ते कशानं बरोबर येतील हे तिनं शोधलं. रिव्ह्यूत ही दुसरी पायरी चुकवली की माणूस फार लवकर निवाडा देऊन बसतो. ५८ नं लेखकांचा प्रामाणिकपणा सिद्ध होत नाही, हेही खरं. पण साधं, रोजचं स्पष्टीकरण समोर असताना मी रचलेपणाचा आरोप लिहायला निघाले होते, ही गोष्ट मला अजून बोचते. त्या ‘बनावट’ शब्दानं कुणाची तरी नोकरी, कुणाची तरी बढती अडली असती.

आता चुकीचं निस्तरायचं होतं. तिच्याकडून पीडीएफ पुसून घेतली. मग संपादकांना मेल लिहिला, काही न लपवता: मी तुमच्या परवानगीशिवाय लेख एका ज्युनिअर सहकाऱ्याला दाखवला, ही माझी चूक, तिनं तो पुढे कुणाला पाठवलेला नाही, तक्ता २ मधली एक महत्त्वाची बाब तिनं शोधली आहे, तिचं नाव लपवून ते श्रेय मी घेणार नाही, आपण सांगाल तसं करते. सोबत चवथीमुळे सात दिवस वाढवून मागितले.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. सूर कोरडा, पण न्याय्य. पुढच्या वेळी आधी विचारा. सहकाऱ्याचं नाव आणि हितसंबंधांचं निवेदन पाठवा, आम्ही तिची सह-रिव्ह्यूअर म्हणून नोंद करू. सात दिवस मंजूर.

रिव्ह्यू लिहिताना

यावेळी आधी स्वतःच्या फाइलमध्ये लिहिलं, पोर्टलवर नंतर चिकटवलं. फाइल अपलोड करण्यापूर्वी तिच्या गुणधर्मांतलं माझं नाव पुसलं. डबल ब्लाइंडमध्ये रिव्ह्यूअर टिप्पण्यांची वर्ड फाइल जोडतात आणि आपलं नाव त्यात तसंच राहतं, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

माझं इंग्रजी बरं आहे, सफाईदार नाही. लेखाचे काही परिच्छेद आणि माझ्या टिप्पण्या एखाद्या एआय चॅटबॉटमध्ये टाकून भाषा गुळगुळीत करून घ्यावी, असा मोह झाला. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, आयसीएमजेई, याबाबत स्पष्ट सांगते: जिथे गोपनीयतेची खात्री नाही अशा साधनात रिव्ह्यूचा लेख चढवायचा नाही. एक पीडीएफ पाठवून मी हात पोळून घेतले होतेच. टिप्पण्या तोडक्यामोडक्या, पण माझ्याच शब्दांत गेल्या.

माझा पहिला कच्चा खर्डा आजही मी शिकवताना दाखवते. तुलनेच्या गटाबद्दल त्यात असं होतं: ‘नियंत्रण गटाची निवड पूर्णतः चुकीची. लेखकांना निदान चाचण्यांच्या अभ्यासाची प्राथमिक माहिती दिसत नाही.’ लेखकानं हे वाचून करायचं काय? रागावायचं, एवढंच. दुसऱ्या खर्ड्यात ते असं झालं:

‘पान ६, ओळ १२. तुलनेसाठी निरोगी रक्तदाते घेतले आहेत. आरोग्य केंद्रात ही चाचणी तापाच्या रुग्णावर होईल, त्यामुळे इतर तापांमध्ये ती किती वेळा खोटी पॉझिटिव्ह येते हे कळणं आवश्यक आहे. डेंग्यू, मलेरिया, स्क्रब टायफस सिद्ध झालेल्या रुग्णांचे साठवलेले नमुने उपलब्ध असतील तर, आवश्यक त्या नैतिक मंजुरीनंतर, त्यांवर चाचणी करून निकाल वेगळे द्यावेत. नसतील तर शीर्षक आणि निष्कर्ष या मर्यादेत आणावेत.’

शब्द चौपटीहून जास्त झाले, पण आता लेखकाला दोन रस्ते दिसतात आणि दोन्ही चालता येण्यासारखे आहेत.

तक्ता २ बद्दल लेखकांना एवढंच लिहिलं: ‘डोळ्यांची लाली, पोटऱ्यांचं दुखणं आणि कावीळ यांचे टक्के ५९ या संख्येशी जुळत नाहीत, ५८ शी जुळतात. प्रत्येक ओळीत रुग्णसंख्या द्यावी, आणि एका रुग्णाची माहिती उपलब्ध नसल्यास त्याचं कारण तळटीपेत नमूद करावं.’ संपादकांच्या चौकटीत तेच तीन आकडे, ५८ चं स्पष्टीकरण आणि एक वाक्य: हे साधं असावं असं वाटतं, तरी मूळ नोंदपत्रक पाहता आलं तर बरं. दोन्ही चौकटींत सूर एकच ठेवला. लेखकांना गोड आणि संपादकांना कडू लिहिलं की संपादकाची फार पंचाईत होते. त्यांना नकार कळवायचा असतो आणि हातात रिव्ह्यू मात्र कौतुकाचा असतो.

शिफारस मेजर रिव्हिजनची, म्हणजे मोठ्या दुरुस्त्या मागण्याची, केली, पण तो शब्द लेखकांच्या टिप्पणीत घातला नाही. निर्णय संपादकांचा असतो.

एक लहानसा निर्णय राहिला होता. माझा जुना लेख या विषयाला लागू होता. लेखकांनी त्याचा उल्लेख केला नव्हता. सुचवावा का? तो नसल्यानं त्यांचा एखादा मुद्दा चुकतो का, असं स्वतःला विचारलं. चुकत नव्हता. सुचवला नाही.

निकाल

संपादकांचा निर्णय मेजर रिव्हिजन असाच आला. सोबत दुसऱ्या रिव्ह्यूअरच्या तीन ओळी: विषय महत्त्वाचा, भाषा सुधारावी, स्वीकारावा. वाचून वाईट वाटलं.

लेखकांचं उत्तर सहा आठवड्यांनी आलं, मुद्देसूद. तक्ता २ बद्दल त्यांनी लिहिलं होतं की एका रुग्णाच्या केसपेपरातलं तपासणीचं पान सापडलं नाही, त्या तीन लक्षणांसाठी भागाकार ५८ नं झाला आणि तळटीप द्यायची राहिली. नोंदपत्रक संपादकांकडे गेलं होतं. त्यांनी मला एवढंच कळवलं, की पत्रकात ५९ ओळी आहेत आणि एका ओळीतले तीन रकाने रिकामे आहेत. मी तो मेल ज्युनिअरला दाखवला, यावेळी विचारून.

खरा बदल पुढे होता. लेखकांकडे इतर तापांचे ४७ नमुने साठवलेले होते. नैतिक समितीची वाढीव मंजुरी घेऊन त्यांनी त्यांवर चाचणी केली. सहा खोट्या पॉझिटिव्ह आल्या. स्पेसिफिसिटी ९८.३ वरून ८७.२ टक्क्यांवर उतरली. दिवसांप्रमाणे फोड केली तर पहिल्या पाच दिवसांत आलेल्या १४ रुग्णांपैकी ११ जणांतच चाचणी पॉझिटिव्ह होती, नंतर आलेल्या ४५ पैकी ४५ जणांत. चौदा हा आकडा लहान आहे, त्यावर फार जोर देता येत नाही. तेही त्यांनी लिहिलं. चाचणी वाचणाऱ्याला एमएटीचा निकाल ठाऊक नव्हता, हा खुलासा आला. दोन नमुन्यांची एमएटी फक्त काही रुग्णांतच झाली होती, ती मर्यादा म्हणून नोंदली गेली.

आणि शेवटचा परिच्छेद बदलला. ‘प्रत्येक आरोग्य केंद्रात ठेवावी’ गेलं. त्याजागी आलं की पाचव्या दिवसानंतर चाचणी उपयोगी दिसते, आणि पहिल्या दिवसांत निगेटिव्ह आली तरी लेप्टोचा संशय असल्यास उपचार थांबवू नयेत. या एका वाक्यासाठी मी तो लेख दहा वेळा पुन्हा वाचला असता.

लेखक कोण होते हे लेख छापून आल्यावर कळलंच. एकदा पणजीत त्यांच्यातल्या एकाशी चहाच्या वेळी भेट झाली. लेप्टोवरच बोललो. मी रिव्ह्यूबद्दल काही बोलले नाही.

पुन्हा वेळ आली तर

होकार देण्याआधी पंचांग बघेन. गमतीनं म्हणत नाही. रखडलेला रिव्ह्यू म्हणजे कुणाच्या तरी महिन्यांची रखडपट्टी, आणि चवथ कधी आहे हे मला आधीच ठाऊक होतं.

भाषेच्या चुकांवर एक अख्खी संध्याकाळ घालवली होती. ४१ चुका ओळ क्रमांकासह नोंदल्या होत्या. त्यातल्या बहुतेक ओळी पुढे लेखातून गेल्याच. लेखाची भाषा एकदा तपासून घ्यावी, एवढं एक वाक्य पुरेसं होतं. ती संध्याकाळ तक्त्यांना दिली असती तर ५८ कदाचित मलाच दिसले असते.

एमएटीच्या भागासाठी मी संपादकांना सांगायला हवं होतं की हा माझ्या आवाक्याबाहेरचा विषय आहे, सूक्ष्मजीवशास्त्रातला रिव्ह्यूअर घ्या. मी पुस्तकं चाळून वेळ मारून नेली. प्रश्न बरोबर विचारले गेले, पण त्यात माझ्या ज्ञानापेक्षा नशिबाचा भाग जास्त होता. ‘एवढंच मी तपासू शकते’ हे संपादकांच्या चौकटीत लिहायला आता मला संकोच वाटत नाही.

रात्री साडेदहानंतर कुणाविषयी गंभीर शंका आली तर ती फाइलमध्ये लिहून ठेवते आणि सकाळी पुन्हा वाचते. पोर्टलवर थेट टाइप करत नाही.

आणि परवानगी. आता निमंत्रण आलं की होकारासोबतच पहिला मेल जातो: एका सहकाऱ्याबरोबर रिव्ह्यू करायची इच्छा आहे, तिचं नाव असं, हितसंबंध असे, चालेल का? उत्तर येईपर्यंत पीडीएफ उघडत नाही. मग दुपारी ओपीडी संपल्यावर आम्ही दोघी एकाच टेबलावर बसतो. तक्ते मी मोठ्यानं वाचते, भागाकार ती करते, पाठकोऱ्या कागदावर.